सायकलसोबत कुत्रं पळवणं : वर्धा जिल्ह्यातल्या एका घरचं प्रकरण

पार्श्वभूमी

बोरच्या जंगलापासून फार लांब नसलेलं गाव आहे, वर्धा जिल्ह्यातलं. घरची साडेचार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर, थोडं सोयाबीन. घरात आबाजी म्हणजे आजोबा, आईवडील, अकरावीतली पोरगी आणि एमआयडीसीत शिफ्टला जाणारा तिचा मोठा भाऊ. नावं कोणाचीच देत नाही, कुत्र्याचंही बदललंय, त्याला टायगर म्हणू, तसंही आपल्याकडं दर चौथं कुत्रं टायगरच असतं.

मी डॉक्टर नाही. पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, आता रिटायर आहे, पण गावात अजून डॉक्टरसाहेबच म्हणतात आणि गाईम्हशींसोबत कुत्र्याचंही विचारायला येतात, तसंच हे प्रकरण माझ्याकडं आलं.

टायगरची आई अल्सेशियन, बाप गावठी. नागपूरच्या मावशीनं दीड महिन्याचं पिल्लू दिलं तेव्हा सगळ्यांना कौतुक, पोरं मांडीवर घेऊन फोटो काढायची. वर्षभरात ते चोवीसेक किलोचं झालं आणि मग ते दारातल्या लिंबाला साखळीनं बांधलेलं, सकाळी पाच मिनिटं बाहेर, संध्याकाळी पाच मिनिटं, बाकी दिवसभर साखळी. गावात दहातल्या नऊ घरी हेच चालतं, त्यामुळं कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. खरं तर १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याला प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात सरळ लिहिलंय की कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणं हा गुन्हा आहे. त्याखाली कोणाला पकडलेलं मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही ती गोष्ट वेगळी.

अडचण काय होती

दिवाळीच्या सुमारास टायगर चौदा महिन्यांचा होता. लिंबाभोवती गोल खड्डा करून टाकलेला, रात्रभर भुंकणं, साखळी दोनदा तुटली आणि दुसऱ्या वेळी शेजाऱ्याच्या तीन कोंबड्या गेल्या. भरपाई द्यावी लागली. वडील माझ्याकडं आले ते चिडूनच, "साहेब, याले कोणाले तरी देऊन टाकतो, नाहीतं जंगलाकडं सोडून येतो, पोट्टी लयच रडून रायली म्हणून थांबलो."

त्याच्या आधीच पोरीनं स्वतःचा उपाय सुरू केला होता हे मला नंतर कळलं. तिला आठवीत शाळेतून सरकारच्या मानव विकास योजनेतली सायकल मिळालेली, त्या सायकलवर ती वावरात डबा घेऊन जायची, पांदणीनं, म्हणजे वावराकडं जाणाऱ्या कच्च्या वाटेनं, दोनेक किलोमीटर. तिनं विचार केला की आपण जातोच आहे तर यालाही नेऊ. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी आणि दोरीचं दुसरं टोक हँडलला गुंडाळलेलं. पहिले काही दिवस मस्त जमलं म्हणे, कुत्रं खूश, रात्रीचं भुंकणं कमी.

मग डिसेंबरात एका वळणावर समोरून शेळ्यांचा कळप आला. टायगर शेळ्यांकडं उधळला, हँडल जागच्या जागी फिरलं, पोरगी समोरच्या चाकावरून पुढं फेकली गेली. मनगटाला बारीक फ्रॅक्चर, तीन आठवडे प्लास्टर. कुत्र्याला वरून काही लागलेलं नव्हतं पण दोन दिवस कोरडा खोकला होता, पट्ट्यानं गळा आवळला गेला होता.

आता इथं घरच्यांचं म्हणणं की कुत्रं बेकार आहे. माझं म्हणणं असं की चोवीस किलोचं जनावर तुम्ही हँडलला बांधलं तर कळप आला नसता तरी कधीतरी मांजर आलं असतं. हँडलला लावलेली ओढ थेट चाक फिरवते, तिथं कितीही ताकदीचा माणूस बसवला तरी सांभाळू शकत नाही.

कोणकोणते पर्याय होते

आम्ही ओट्यावर बसून बोललो, आबाजी पण होते. पहिला पर्याय वडिलांचा, देऊन टाकणं. घ्यायला कोणी तयार नव्हतं, कोंबड्यांची बातमी सगळीकडं झालेली.

दुसरा, मोकळं सोडणं. गावात पुष्कळ कुत्री मोकळी असतात. पण यानं कोंबड्या धरलेल्या, उद्या शेळी धरली तर भांडण. शिवाय गावातल्या कुत्र्यांच्या टोळीत हा उपरा, चावाचावी ठरलेली.

तिसरा, वावरात राखणीला ठेवणं. रानडुकरं येतात म्हणून भावाला हे आवडलं होतं. मी स्पष्ट नाही म्हटलं. आमच्या भागात बिबट आहे आणि बिबट्याला कुत्र्याएवढं सोपं सावज नाही, रात्री खुंट्याला बांधलेलं कुत्रं म्हणजे ताटात वाढून ठेवल्यासारखंच.

चौथा, रोज पायी फिरवणं. हा सगळ्यात चांगला आणि सगळ्यात स्वस्त. पण एवढ्या दमाच्या कुत्र्याला तास-दीड तास चालवावं लागतं, पोरीचं कॉलेज सकाळचं, भावाची शिफ्ट, वडील वावरात. रोज जमणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं आणि जे रोज जमत नाही ते आठ दिवसांत बंद पडतं.

पाचवा, सायकलच, पण नीट. पोरीला हाच पाहिजे होता. मला दोन शंका होत्या. एक वय. अल्सेशियनसारख्या मोठ्या जातीत हाडांच्या टोकाशी वाढीचा जो भाग असतो तो पक्का व्हायला साधारण दीड वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त, त्याच्या आधी कडक जमिनीवर सलग पळवलं तर सांध्यांचं कायमचं नुकसान होऊ शकतं. दुसरी शंका कमरेच्या सांध्याची, तो खोबणीत नीट बसत नाही, अल्सेशियनमध्ये हा दोष आईबापाकडून येतो. नागपूरच्या व्हेटरनरी कॉलेजात नेऊन एक्स-रे काढा असं मी म्हटलं, ते राहिलं, गाडीभाडं आणि एक दिवस मोडतो म्हणून.

वयाचं मात्र आबाजींना लगेच पटलं. म्हणाले, "अदंत गोऱ्ह्याले कोणी वखराले जुपते का? आधी रिकामं जू मानेवर, मंग लाकूड ओढू द्या, मंग वखर." मला जे पंधरा मिनिटं समजावून जमलं नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात निपटवलं. ठरलं असं की होळीपर्यंत पळवायचं नाही, तोवर फक्त चालणं आणि शिकवणं.

काय केलं : आधी सामान

बाजारात सायकलला लावायचे तयार दांडे मिळतात, स्प्रिंगवाले, पण ऑनलाइन किंमत पाहून वडिलांनी मोबाइल खाली ठेवला. मग गावातच करायचं ठरलं.

अंगातला पट्टा जुन्या दप्तराच्या पट्ट्यांचा. शिवणकाम मोच्यानं केलं. पहिला चुकला, छातीवरून आडवी पट्टी गेली आणि ती खांद्याच्या सांध्यावर बसायची, पाय पुढं टाकताना अडायचा, शिवाय काखेत केस घासून लाल झालं. दुसरा इंग्रजी वाय अक्षरासारखा, गळ्याखालून एक पट्टी छातीच्या हाडावरून खाली आणि मग पोटाकडं, काखेपासून चार बोटं मागं. दोरी पाठीवरच्या कडीला. गळ्यातला पट्टा तसाच ठेवला पण त्याला दोरी नाही, तो फक्त नाव-फोन नंबर लिहायला.

दांडा वेल्डिंगवाल्यानं केला. अर्धा इंची पाइपचा दीड फुटाचा तुकडा, कॅरियरला डाव्या बाजूनं मागच्या चाकाच्या एक्सलजवळ नटबोल्टनं आवळलेला. ओढ जितकी खाली आणि मागं तितकी सायकल कमी हलते. पाइपच्या टोकाला रबर आणि लाल फडकं, कारण ते बाहेर निघालेलं, कोणाच्या गुडघ्याला लागू नये. दोरीच्या मध्ये जुन्या ट्यूबची दुहेरी पट्टी बांधली, झटका बसला तर आधी ती ताणते. आणि दोरी एवढीच लांब की कुत्रं पुढच्या चाकासमोरही जाणार नाही आणि मागच्या चाकाच्या मागंही पडणार नाही.

बांधणी सुरगाठीची. गाठीचं शेपूट सीटच्या मागं हाताला लागेल असं वर आणलेलं, एक हिसका दिला की कुत्रं मोकळं. वडिलांना हे पटत नव्हतं, "सोडाचंच आहे तं बांधाचं काहून?" त्यावर पुढं बोलतोच.

बाजू डावी. आपण डावीकडून चालतो, म्हणजे गाड्या उजव्या अंगानं जातात आणि कुत्रं कडेला राहतं. चेनही उजवीकडंच असते. पण लेडीज सायकलचा साइड स्टँड डावीकडं, तो कुत्र्याच्या मागच्या पायाच्या रेषेत येत होता, काढून टाकला आणि कॅरियरखालचा दुपायी स्टँड बसवला. अजून एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. आपण सगळे लहानपणापासून सायकलवरून डावीकडं उतरतो, म्हणजे सरळ कुत्र्याच्या अंगावर. पोरीला उजवीकडं उतरायची सवय करायला आठवडाभर लागला आणि घाईत तरी डावा पायच खाली यायचा.

मग शिकवणं

जानेवारी-फेब्रुवारीत सायकल हातानं ढकलत नेली, कुत्रं बाजूला, पाठीवर पट्टा. थांब, हळू, चल, सोड, एवढे चारच शब्द आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वापरायचे, कारण भाऊ स्टॉप म्हणायचा, आई उभा राय म्हणायची आणि कुत्र्याला काही कळायचं नाही. "सोड" सगळ्यात महत्त्वाचा, शेळी दिसली, कोंबडी दिसली की सोड म्हणायचं, त्यानं मान वळवून पोरीकडं पाहिलं की भाकरीचा तुकडा. शेळ्यांच्या कळपाजवळ आधी लांबून, मग जवळून, हे पोरीनं फार चिकाटीनं केलं. मी स्वतः एवढं केलं नसतं.

गावातून जाताना सायकलवर बसायचं नाही हाही नियम ठरवला. शेवटच्या घरापर्यंत दोन ठिकाणी गावातली कुत्री अंगावर येतात, बांधलेलं कुत्रं दिसलं की जास्तच. तिथं पायी, दोरी आखूड, सायकल मधे आडवी. बस्ती संपली की गाठ लावायची. रेबीजची लस दरवर्षी, हे सांगायला नको पण सांगतो.

पळवायला सुरुवात होळीनंतर. आधी पाच-सात मिनिटं चालत, मग हळू सायकल, शेवटी परत चालत. वेग कुत्र्याच्या दुडक्या चालीचा, ताशी दहा-बारा किलोमीटरच्या आसपास, तेवढ्या वेगात कुत्रं बराच वेळ न थकता जातं. चौखूर उधळायला लागलं की सायकल जास्त जोरात आहे. खाणं पळायच्या आधी दोन-तीन तास नाही आणि आल्याबरोबर नाही, खोल छातीच्या कुत्र्यात भरल्या पोटी पळवलं तर पोट फुगून पीळ पडायची भीती असते आणि ते झालं तर गावात उपचार नाही.

उन्हाळा

आता मुख्य गोष्टीकडं येतो. माझं मत विचाराल तर विदर्भात सायकलसोबत कुत्रं पळवताना पट्टा कोणता आणि दांडा कोणता हे दुय्यम आहे, खरा प्रश्न कोणत्या वेळेला आणि कोणत्या वाटेनं हा आहे, आणि आज नको असं म्हणायला घरात कोणीतरी असणं.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार तळपायांना, बाकी सगळी उष्णता धापा टाकून बाहेर काढायची. त्यात अल्सेशियनचे दुहेरी केस. आणि सायकलवरच्या माणसाला स्वतःला वारा लागत असतो, त्याला वाटतं काही गरम नाही.

एप्रिलमध्ये पोरीची परीक्षा होती म्हणून भावानं नेलं. शिफ्ट करून आला, साडेपाच-सहाची वेळ, ऊन उतरलं असं त्याला वाटलं. पांदणीऐवजी डांबरी रस्ता घेतला कारण तिकडं सायकल छान चालते. डांबर दिवसभर तापलेलं असतं, सूर्य खाली गेला तरी तासन् तास उष्णता सोडत राहतं. जाताना कुत्रं पुढं पुढं होतं, येताना दोरी मागं ताणायला लागली, भावाला वाटलं आळस करतोय, त्यानं अजून दोन-तीनशे मीटर ओढलं. मग टायगर बसला. जीभ बाहेर, टोकाला रुंद झालेली, हिरड्या लालभडक, तोंडातून चिकट लाळ, उठवलं तर मागचे पाय लटपटायला लागले.

भावानं मला फोन केला, हे त्याचं शहाणपण. जवळच एका वावरात हौद होता. मी सांगितलं, आधी तिथंच गार करा, मग दवाखाना. बादलीनं अंगावर सतत पाणी, पोटावर, जांघेत, पायांवर, आणि कशानं तरी वारा घाला. भावानं कुत्र्याच्या अंगावर ओला दुपट्टा गुंडाळून ठेवला होता तो काढायला लावला, गुंडाळलेलं ओलं कापड थोड्या वेळात गरम होतं आणि उष्णता आतच दाबून धरतं. पाणी जबरदस्तीनं तोंडात ओतू नका, स्वतः प्यायला तर थोडं थोडं. पंधरावीस मिनिटांनी धाप कमी झाली, मग शेजाऱ्याच्या मालवाहू ऑटोत घालून दवाखान्यात. तिथं मोजलं तेव्हा ताप १०४ च्या जरा खाली होता, कुत्र्याचा नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतो, म्हणजे हौदावर किती असेल याचा अंदाज करा. सलाइन लागलं. वाचला. चारही तळव्यांची कातडी मात्र भाजून सुटली होती, दहाबारा दिवस पायमोजे घालून अंगणात.

यातला निर्णयाचा क्षण कोणता? सगळे म्हणतात संध्याकाळी न्यायला नको होतं. ते आहेच. पण मला विचाराल तर दोरी मागं ताणली तो. कुत्रं दांड्याच्या रेषेच्या मागं पडायला लागलं की उतरायचं, कारण शोधत बसायचं नाही. अल्सेशियनसारखं कुत्रं मालकाला खूश करायला जीव जाईपर्यंत पळतं, ते स्वतःहून आळस करत नाही.

मग प्रश्न आला पहाटेचा. पहाटे साडेचार-पाचला सगळ्यात गार, जमीनही थंड. बरोबर, पण पहाटे अंधारात पांदणीवर बिबट आणि रानडुकरं, आणि सायकलला बांधलेल्या कुत्र्यासोबत एकटी पोरगी. इथं दोन धोके एकमेकांच्या उलट आहेत. शेवटी ठरलं की नीट उजाडल्यावर, डेअरीची गाडी गावात आल्यावर निघायचं आणि ऊन अंगावर यायच्या आत परत, म्हणजे एप्रिलमध्ये जेमतेम अर्धा-पाऊण तासाची खिडकी मिळते. निघायच्या आधी उलटा तळहात जमिनीवर सात सेकंद, चटका बसला तर घरी. आणि मे लागला की सायकल बंदच, मेअखेरच्या कडक उन्हाचा नवतपा संपून पाऊस पडेपर्यंत. त्या दिवसांत अंगणात नाकाचे खेळ, भाकरीचे तुकडे गोणपाटात लपवून शोधायला लावायचे, त्यानंही कुत्रं बरंच दमतं.

पावसाळा आणि तारेचा झटका

पाऊस पडल्यावर सगळ्यांना वाटलं आता मोकळं. काळ्या मातीत पहिला महिना तर सायकलच चालत नाही, मडगार्डमध्ये चिखल भरून चाक जाम. तळपायांच्या बोटांत चिखल बसून वाळला की दगडासारखा होतो, तो रोज धुवावा लागतो. दमट हवेत धापेनं उष्णता कमी निघते, त्यामुळं गार वाटलं तरी वेळ कमीच ठेवायची.

जुलैत उघडीप पाहून पोरगी निघाली. पांदणीला लागून एका वावराला झटका मशीनची तार होती, नवीन लावलेली, रानडुकरांसाठी. बहुतेकांकडं असते आता, सोलरवर बॅटरी, सेकंदाला एक ठोका. टायगर डावीकडं, तार डावीकडं, गवत वाढलेलं, अंग ओलं, जमीन ओली. त्याचा खांदा तारेला लागला.

पोरगी सांगते की किंकाळी आली आणि त्याच क्षणी सायकल डावीकडं ओढली गेली, ट्यूबची पट्टी ताणली, तिनं गाठीचं शेपूट ओढलं, गाठ सुटली आणि कुत्रं गावाकडं पळालं. ती पडली नाही. टायगर सरळ घरी जाऊन बाजेखाली शिरला.

ओल्या जमिनीत झटका जास्त बसतो, वीज जमिनीतूनच मशीनकडं परत जाते ना, उन्हाळ्यात कोरड्या मातीत तोच झटका कमी लागतो. मशीनचा झटका जिवावर येत नाही कारण ठोका क्षणभराचा असतो. पण काही जण थेट लाइनची तार टाकतात, ती बेकायदेशीर आहे आणि त्यात माणसंही गेलीत. कोणत्या वावरात काय लावलंय हे बाहेरून दिसत नाही, म्हणून तारेच्या बाजूनं कुत्रं न्यायचंच नाही.

वडिलांचा तो जुना प्रश्न, सोडायचंच तर बांधायचं कशाला, त्याचं उत्तर त्या दिवशी मिळालं. तरी मी पोरीला विचारलं की डांबरी रोडवर असती तर सोडलं असतंस का. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "नाही काका, मी सायकल टाकून दिली असती पण त्याले धरलं असतं." मला हे बरोबर वाटलं. पांदणीत सुटलेलं कुत्रं घरी जातं, रोडवर सुटलेलं ट्रकखाली. गाठ सुटायची सोय दोन्हीकडं पाहिजे, वापरायची की नाही ते वाट पाहून.

खरी अडचण नंतर. टायगरला तारेचं काही कळलं नाही, त्याच्या डोक्यात बसलं की सायकलजवळ गेलं की असं होतं. सायकल दिसली की शेपटी पायात. भाऊ म्हणाला ओढून नेऊ, दोन दिवसांत विसरेल. पोरीनं ऐकलं नाही आणि ते फार चांगलं झालं. तिनं सायकल अंगणात आडवी टाकली आणि जेवणाची वाटी लांब ठेवली, रोज थोडी जवळ. मग सायकल उभी. मग चाक हातानं फिरवायचं आणि भाकरी. मग पट्टा घालून नुसतं उभं राहायचं. महिना गेला यात.

त्यातच ऑगस्टमध्ये तो चालतानाही मागं पडायला लागला. सगळे म्हणाले अजून भीती आहे. पोरीनं एप्रिलची गोष्ट लक्षात ठेवून मला बोलावलं. हिरड्या फिक्या, अंगात बारीक ताप, कानात गोचीड. रक्त तपासलं तर प्लेटलेट कमी, गोचीड ताप निघाला. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिनचा चार आठवड्यांचा कोर्स दिला, तेवढे दिवस पूर्ण आराम.

निकाल

दसऱ्यानंतर पुन्हा सुरू केलं आणि हिवाळाभर नीट चाललं. एक दिवसाआड, वीस-पंचवीस मिनिटं, मधल्या दिवशी पायी. लिंबाभोवतीचा खड्डा बुजला, रात्रीचं भुंकणं पाहुणा आला तरच. कोंबड्यांकडं पाहतो अजून, पण "सोड" म्हटलं की मान वळवतो. वडील आता पाहुण्यांना दांडा दाखवतात, जसा काही त्यांनीच काढला. वेल्डिंगवाल्याकडं शेजारच्या गावातून एकजण तसाच दांडा करायला आला होता, त्याच्याकडं पग होता, मी नाही म्हटलं. चपट्या नाकाच्या कुत्र्याला सायकलमागं पळवायचंच नाही, त्याला चालतानाच श्वास पुरत नाही.

सगळंच जमलं असंही नाही. भावासोबत टायगर अजून सायकलला जात नाही, पोरीसोबतच जातो. बारावीनंतर ती वर्ध्याला होस्टेलला जाईल तेव्हा काय, हे घरात कोणी बोलत नाही. मी भावाला सांगितलंय की आत्तापासून रोज जेवण तू दे आणि सायकल ढकलत त्याला वावरात ने, बसू नको. दोन दिवस नेलं, मग शिफ्ट बदलली.

वेगळं काय करता आलं असतं

एक्स-रे काढायला पाहिजे होता. टायगर अजून लंगडत नाही, पण कमरेचा दोष असेल तर तो चार-पाच वर्षांनी दिसेल आणि तेव्हा हिवाळाभर पळवलेलं सगळं त्यावर चढेल. नागपूरला मावशीकडं जाणं होतंच, तेव्हा न्यायला हरकत नव्हती.

तारेचं तर एका संध्याकाळचं काम होतं. पाऊस पडला की वाट बदलते, नवीन तारा येतात, गवत वाढतं, साप असतात. पांदण एकदा पायी, कुत्र्याशिवाय, चालून पाहिली असती तर तार दिसली असती. आता पोरगी दर मोसमाला तसं करते. कापूस निघाल्यावर पऱ्हाटी म्हणजे कापसाची झाडं कापली की खुंटं उरतात, ती भाल्यासारखी तळव्यात शिरतात, म्हणून फेब्रुवारीत धुऱ्याच्या कडेनं जाणं बंद. काटेरी सराटे कुठं आहेत ते पण तिला पाठ आहे.

फवारणीचं मी आधी सांगायला हवं होतं असं आई म्हणाल्या, आणि ते खरं आहे. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून शेतकरी-शेतमजूर दगावले ते सगळ्यांना आठवतं, पण त्याच वावरातून गेलेलं कुत्रं घरी येऊन पाय चाटतं हे कोणाच्या डोक्यात येत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारलेल्या वावराच्या कडेनं नेलं असेल तर आल्याबरोबर पाय साबणानं धुवायचे आणि वाटेतल्या डबक्यातलं पाणी पिऊ द्यायचं नाही, पाण्याची बाटली आणि वाटी सायकलच्या टोपल्यात.

गोचिडाचं औषध जूनमध्येच लावायला पाहिजे होतं, ऑगस्टपर्यंत थांबलो तेव्हा पैसे औषधापेक्षा रक्त तपासणीत जास्त गेले. यंदा मृग लागायच्या आत लावलंय.